वयात येण्याआधीचा खर्रा

मुलं वयात येण्याचा आणि व्यसनाला लागण्याचा काही संबंध आहे का? असेल तर तो संख्याशास्त्राच्या मॉडेलमध्ये मांडता येतो का? आणि मांडलाच, तर गोंदिया जिल्ह्यात त्याचं करायचं काय? या प्रश्नांवर इथे दोन माणसं भांडणार आहेत. दोघंही मी कल्पिलेली आहेत. एक सिस्टर, सालेकसा-देवरीकडच्या उपकेंद्रांत सगळी नोकरी करून निवृत्त झालेली आरोग्यसेविका. दुसरा सांख्यिक, आमगावचा, पुण्यात शिकून आरोग्याच्या आकडेवारीचं काम करणारा. त्याच्या आईचं बाळंतपण सिस्टरनेच केलेलं, म्हणून तो कितीही शिकला तरी तिच्यासाठी बाबूच. सिस्टरचं बोलणं खरं तर अर्धं झाडीबोलीत आणि अर्धं हिंदीत व्हायला हवं. ते मी बरंच सरळ करून घेतलं आहे. संवाद कल्पित आहे, त्यातले अभ्यास, आकडे आणि कायदे मात्र खरे आहेत.

सिस्टर : आधी मला हे सांग बाबू, पोट्ट्यांच्या मिशा मोजून तुला कळणार काय?

सांख्यिक : मिशा हा त्यातला एक प्रश्न आहे, सिस्टर. इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर नावाच्या डॉक्टरने १९४८पासून एका बालगृहातली मुलं वर्षानुवर्षं तपासली. त्यातून वयात येण्याचे पाच टप्पे ठरले. मुलींचे १९६९ साली छापले, मुलांचे १९७०मध्ये. पण त्याला डॉक्टरची तपासणी लागते, शाळेत ते जमणारं नाही. म्हणून १९८८ साली अमेरिकेत एक प्रश्नावली तयार झाली. उंची झपाट्याने वाढली का, अंगावर केस आले का, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या का. मुलांना आवाज आणि दाढी-मिशा, मुलींना छाती आणि पाळी. ‘अजून सुरू नाही’पासून ‘पूर्ण झालं’पर्यंत खुणा करायच्या. कपडे काढायचं काम नाही.

सिस्टर : आश्रमशाळेतली पोरगी मास्तरासमोर बसून त्या कागदावर खुणा करेल, असं तुला वाटते? ती शेजारणीच्या कागदात पाहून लिहील. पाळीचं खरं उत्तर आशाताईलाच मिळते, तेही पॅड देताना.

सांख्यिक : मग आशाताईनेच विचारावं. पाळीची तारीख हा तर आमच्या कामाचा सगळ्यात भरवशाचा धागा आहे.

सिस्टर : तारीख? एकही पोरगी तारीख सांगत नाही. ‘रोवणी झाली होती, पोळा यायचा होता,’ असं सांगतात.

सांख्यिक : तेवढं पुरतं. रोवणी आणि पोळा यांच्यामध्ये, म्हणजे दोन कडा मिळाल्या. घटना नेमकी कधी घडली ते माहीत नाही, पण या दोन कडांच्या आत घडली, अशा माहितीवर हिशोब करण्याच्या रीती संख्याशास्त्रात पक्क्या आहेत. अडचण मुलांची आहे. आवाज फुटल्याचा दिवस कोणालाच आठवत नाही.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की या विषयातली खरी गाठ वयाची आहे. वय वाढतं तसे शरीराचे टप्पे पुढे सरकतात आणि वय वाढतं तसं नशा करून पाहणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं. दोन्ही रेषा बरोबरच चढणार. दहावीतली मुलं पाचवीतल्या मुलांपेक्षा जास्त तंबाखू खातात आणि त्यांना मिशाही जास्त असतात. यावरून मिशांमुळे तंबाखू आली असं कोणी म्हणणार नाही. म्हणून अभ्यासक वय धरून ठेवतात आणि एकाच वयाच्या मुलांमध्ये पुढे कोण, मागे कोण, एवढंच पाहतात. गोंदियाच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागणार नाही. एकाच आठवड्यात रोवलेल्या दोन बांध्यांतला हलका धान आधी कापणीला येतो, भारी धान मागून; रोवणीची तारीख पाहून कापणीची तारीख सांगता येत नाही.

सांख्यिक : अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, इथल्या १० ते १५ वयाच्या शाळकरी मुलांवरचा जॉर्ज पॅटन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ साली आला. वय आणि इयत्ता धरून ठेवल्यावरही, शेवटच्या टप्प्यांतल्या मुलांमध्ये सिगारेट-दारू-गांजा करून पाहिलेल्यांचं प्रमाण सुरुवातीच्या टप्प्यांतल्या मुलांपेक्षा बरंच जास्त निघालं.

सिस्टर : त्यात नवल काय? आठवीतला पोट्टा दहावीएवढा दिसायला लागला की दहावीचे पोट्टे त्याला बसवून घेतात. त्याच्या अंगात काय चाललं, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सोबत बदलली.

सांख्यिक : तुम्ही हे स्वीडन न पाहता बोलताय. तिथे स्टाटिन आणि मॅग्नुसन यांनी एका शहरातल्या मुलींचा मोठेपणापर्यंत माग काढला आणि १९९० साली ग्रंथ लिहिला. पाळी लवकर आलेल्या मुली जास्त दारू पीत होत्या, पण बहुतेक करून ज्यांची ऊठबस वयाने मोठ्या मित्रमैत्रिणींत होती त्याच. पुढे मोठेपणी तो फरक विरत गेला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्येही तसंच. पाळी लवकर आलेल्या मुलींमध्ये नियम मोडणारं वागणं वाढलं ते मुलामुलींच्या एकत्र शाळांत. फक्त मुलींच्या शाळेत तो परिणाम दिसला नाही.

सिस्टर : मग? माझंच बोलणं तू इंग्रजीतून ऐकून आलास.

सांख्यिक : अर्धंच. फिनलंडमधल्या जुळ्या मुलींवरचा अभ्यास २००० साली आला. घर एक, आईबाप एक, गाव एक. तिथेही लवकर वयात येणं आणि लवकर सिगारेट-दारू सुरू होणं यांचा संबंध पूर्ण पुसला गेला नाही. म्हणजे सगळंच घरावर आणि सोबतीवर ढकलता येत नाही.

मला यात खटकतं ते दुसरंच. वॉशिंग्टन, व्हिक्टोरिया, स्वीडन, ड्युनेडिन, फिनलंड. या सगळ्या ठिकाणी नशा म्हणजे सिगारेट, बिअर, फार तर गांजा. ती घराबाहेर, सवंगड्यांत, आईबापांच्या नकळत केली जाते. मॉडेलमधल्या चलांची नावं कुठेही नेता येतात, पण त्यांच्यामागचा हा गृहीत धरलेला घर-बाहेरचा उंबरठा नेता येत नाही. महाराष्ट्रात तंबाखूचं चित्र वेगळं आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धुराविना तंबाखू घेणारे होते, आणि धूर काढणारे फक्त ३.८ टक्के. आणि पूर्व विदर्भात धुराविना तंबाखू म्हणजे प्रामुख्याने खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला.

सिस्टर : आता मी सांगते तुला घराबाहेरचं. बाप बाजेवर बसला आहे. ‘जा रे, ठेल्यावरून दोन खर्रे घोटून आण.’ पोट्टा दुसरीत, तिसरीत. पानठेलेवाला त्याच्यासमोर घोटते, पुडी बांधते, हातात देते. येता येता पुडी सोडून चिमूटभर तोंडात. पहिल्यांदा घेरी येते, ओकारी होते. मग होत नाही. आता तू त्याला कोणत्या टप्प्यात बसवतो? त्याला मिशा कुठे आहेत? दुधाचे दात नाही पडले अजून सगळे.

सांख्यिक : इथे मी तुमच्याशी भांडणार नाही. कारण हा तुमच्या एकटीचा अनुभव नाही. २०१९ साली देशभर १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांचं तंबाखू सर्वेक्षण झालं. साडेआठ टक्के मुलं कोणती ना कोणती तंबाखू घेत होती. सुरुवात कधी झाली हे विचारलं, तेव्हा सिगारेटचं मध्यक वय निघालं साडेअकरा वर्षं, बिडीचं साडेदहा, आणि धुराविना तंबाखूचं ९.९ वर्षं. धुराविना तंबाखू घेणाऱ्यांतल्या ५२ टक्के मुलांनी दहावा वाढदिवस यायच्या आत सुरुवात केली होती.

सिस्टर : पोरगी न्हाती व्हायला तेरा वर्षं लागतात. पोट्ट्यांना त्याहून उशीर. मग तुझं मॉडेल कशाची वाट पाहते?

सांख्यिक : म्हणूनच बाहेरचं मॉडेल जसंच्या तसं इथे चालणार नाही. ‘कोणती घटना किती वयाला घडली’ याचा हिशोब करण्याची एक पद्धत डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ साली घालून दिली. अजून व्यसन नसलेल्या मुलांपासून निघायचं आणि एकेक वर्षाने किती जण गळाले ते मोजायचं. मी इथे बाराव्या वर्षी मोजायला सुरुवात केली, तर नवव्या वर्षी लागलेली मुलं माझ्या यादीत आधीच लागलेली म्हणून वगळली जातील. उरतील ती तीन वर्षं टिकलेली, चिवट मुलं. त्यांच्यावरून मी निष्कर्ष काढणार की वयात येण्याचा व्यसनाशी इतका इतका संबंध आहे. हिशोब बिनचूक, आणि मुलं भलतीच.

सिस्टर : मग बंद कर न बाबू हे सगळं.

सांख्यिक : बंद काहून करू? दोन प्रश्न वेगळे करतो. पहिली चिमूट कधी, हा एक. चिमटीची रोजची सवय कधी झाली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घर आणि ठेला. पण चाखलेली सगळीच मुलं सवयीची होत नाहीत. चाखण्यापासून सवयीपर्यंतचा रस्ता वयात येताना आखूड होतो का, हे शरीराच्या टप्प्यांशिवाय तपासता येणार नाही. त्या वयात बक्षिसाची ओढ आधी वाढते आणि स्वतःला आवरण्याची शक्ती मागून येते, हे मेंदूच्या अभ्यासात अनेकदा दिसलं आहे. आठव्या वर्षी तंबाखूची चव कळलेल्या मुलाला ती ओढ लागली, तर त्याला बिअर शोधत फिरावं लागत नाही. पुडी घरातच आहे.

हा अंदाज आहे, निष्कर्ष नव्हे. पण माझ्या मते या संपूर्ण वादातला सर्वांत कामाचा मुद्दा हाच आहे आणि तो दोघांनाही एकट्याने सुचला नसता. सिस्टरला पहिली चिमूट दिसत होती, सांख्यिकाला नंतरचा वेग.

सिस्टर : बरं, मग माझ्याकडची दुसरी पोरगी घे. सिकलसेलची. वय पंधरा, दिसते बाराची. पाळी नाही अजून. तुझ्या कागदावर ती काय?

सांख्यिक : ‘उशिरा वयात येणारी.’

सिस्टर : म्हणजे धोका कमी?

सांख्यिक : बाहेरच्या मॉडेलप्रमाणे, हो.

सिस्टर : तिचे सांधे दुखायला लागले की आठ-आठ दिवस शाळा नाही. घरीच पडून. आजी तंबाखूची नस लावते, तीही लावते. तू तिला सुरक्षितच्या रकान्यात टाकून मोकळा.

सिकलसेल आजारात वयात येणं साधारण एक-दोन वर्षं मागे पडतं, हे वैद्यकात जुनंच ज्ञान आहे. कुपोषणातही तसंच होतं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली हा सिकलसेलचा पट्टा आहे. तेव्हा इथे ‘उशीर’ या एका आकड्यात दोन वेगळी मुलं एकत्र बसतात: एक निरोगी, फक्त भारी धानासारखं मागून येणारं, दुसरं आजाराने रोखलेलं.

सांख्यिक : त्यावर उपाय सरळ आहे. तपासणीचे निकाल आहेत. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासण्या वाढल्या. मुलाचा सिकलसेलचा निकाल, उंची, वजन हे मॉडेलमध्ये घातलं की आजारामुळे झालेला उशीर आणि नुसता उशीर वेगळे करता येतात.

सिस्टर : म्हणजे एका कागदावर पोरीचं नाव, तिची पाळी, तिचा सिकलसेल आणि ती तंबाखू खाते का. तो कागद कोणाच्या कपाटात राहील? आपल्या गावात लग्न जुळवताना कपाटं उघडतात, बाबू. नुसतं वाहक म्हणून कार्ड निघालं तरी सोयरीक मोडलेली पाहिली आहे मी.

सांख्यिक : नावं ठेवायची नाहीत. आणि आता कायदाही आहे. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवू नये, अशी तरतूद आहे.

सिस्टर : कायदे मी पुष्कळ पाहिले. मला हे सांग, शेवटी तू हेडमास्तरच्या हातात काय देणार? ‘ही पोरं बिघडणार’ अशी यादीच न?

इथे सांख्यिकाने कागद पुढे ओढला. त्याच्या बाजूने सांगायचं तर त्याने स्वतःच्या विरोधातला हिशोब स्वतःच मांडला.

सांख्यिक : समजा, एका तालुक्यातली हजार मुलं. त्यातली ५० पुढे रोजच्या व्यसनाला लागणार आहेत. समजा, माझं मॉडेल उत्तम आहे. पन्नासातली ४० ओळखतं, आणि न लागणाऱ्या ९५० मुलांपैकी पाचातल्या एकावरच चुकून बोट ठेवतं. पण ९५०चा पाचवा हिस्सा म्हणजे १९०. यादीत नावं २३०, त्यातली खरी ४०. सहा नावांमागे पाच निर्दोष.

सिस्टर : आणि त्या १९० पोट्ट्यांना वर्षभर ‘खर्रेवाला’ म्हणून हाक मारतील. त्यातले दहा तरी त्या हाकेपायी खायला लागतील.

सांख्यिक : म्हणून यादी नाही. मुलांवर खूण करायची नाही, गावांवर आणि शाळांवर करायची. मूल शाळेत, शाळा गावात, गाव तालुक्यात, असे थर मांडणारी मॉडेलं असतात. दोन मुलांतला फरक किती मुलाचा स्वतःचा आणि किती तो कोणत्या शाळेत आहे त्याचा, हे ती वेगळं काढून दाखवतात. समजा, शाळेचा वाटा मोठा निघाला, तर मुलाला बोलावून समुपदेशन करण्याआधी शाळेभोवती काय आहे ते पाहावं लागेल.

सिस्टर : शाळेभोवती काय आहे ते मी तुला आज दाखवते. त्यासाठी थर कशाला पाहिजेत?

सांख्यिक : तुम्ही एक शाळा दाखवाल. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकला एकच समुपदेशक मिळाला, तर त्याला अर्जुनी मोरगावला पाठवायचं की सालेकशाला, हे तुम्ही कशावरून ठरवणार?

सिस्टर यावर गप्प बसली नाही, मोहाकडे वळली.

सिस्टर : आणि तुझ्या कागदावर एक प्रश्न असेल, ‘कधी दारू चाखली आहे का?’ गोंडाच्या घरात जन्मापासून मरणापर्यंत देवाला मोहाची धार लागते. पोराच्या ओठाला लागली तर ती तू दारूत मोजशील. मार्चमध्ये पहाटे आईसोबत मोहफुलं वेचणारं पोट्टं आणि बसस्टँडमागे बाटली फोडणारं पोट्टं, तुझ्याकडे दोघंही ‘हो’.

सांख्यिक : प्रश्न बदलता येतो. कोणासोबत, कोणत्या प्रसंगी, किती वेळा. पण ‘ही आमची रीत आहे’ यावर सगळं सोडून देऊ नका, सिस्टर. गोव्याचं पाहा. तिथेही दारू घरात आहे, जेवणात आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या पुरुषांना विचारलं, पिणं कधी सुरू केलं. १९५६ ते १९६० दरम्यान जन्मलेल्या पिणाऱ्यांपैकी १९.५ टक्क्यांनी किशोरवयात सुरुवात केली होती. १९८१ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांत ७४.३ टक्क्यांनी. रीत तीच, प्रांत तोच. पंचवीस वर्षांत सुरुवातीचं वय कोसळलं. आणि किशोरवयात सुरू करणाऱ्यांत पुढे दारूचं अवलंबित्व जास्त.

सिस्टर : म्हाताऱ्यांना आठवते का, पहिली कधी प्यालो ते?

सांख्यिक : चुकत असतील. पण विसरण्याने इतकी दरी पडत नाही.

सिस्टर : (थोडं थांबून) पडत नाही.

देशातली मुलं एका नशेत मोठ्यांच्या पुढे आहेत हेही सांख्यिकाने मध्येच सांगितलं. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या अहवालात हुंगायच्या द्रव्यांचं प्रमाण १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के होतं. म्हणजे प्रत्येक नशेला स्वतःचं वय आहे. सगळ्यांची मिळून एकच ‘हो-नाही’ करणारं मॉडेल खर्रा, मोह आणि हुंगायचं सोल्यूशन यांना एका पोत्यात भरतं.

भारतात या कामाची सुरुवात झालेली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने सात केंद्रांवर ६ ते २३ वयोगटातल्या सुमारे दहा हजार जणांचा अभ्यास उभा राहिला; त्यात वयात येण्याचे टप्पेही आहेत आणि व्यसनही. केंद्रं चंदिगडपासून इम्फाळपर्यंत पसरली, पण महाराष्ट्रात एकही नाही. आपल्याकडे पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३पासून सहा गावांतल्या मुलांचा गर्भापासून माग काढला आहे. त्याचा रोख पोषण आणि मधुमेहावर. मुलं अशी वर्षानुवर्षं सांभाळून मोजता येतात, हे राज्यात सिद्ध झालेलं आहे. ते वैनगंगेच्या पलीकडे यायला काय हरकत आहे?

सिस्टर : येऊ दे. पण तिसरीपासून मोज. आणि पहिला प्रश्न पोराबद्दल नको विचारू. ‘घरच्यांसाठी ठेल्यावर तुला कोण पाठवते,’ हा विचार.

सांख्यिक : तो चल माझ्या मॉडेलमध्ये नव्हता.

सिस्टर : मिशा होत्या न.

माझा कौल सांगतो. हा अभ्यास गोंदियात व्हावा, पण तिसरीच्या मुलांपासून, नाव न ठेवता, पहिली चिमूट आणि रोजची सवय वेगवेगळी मोजत, सिकलसेल आणि पोषण धरून. त्याचा निकाल गावांसाठी वापरावा, कोणा मुलाच्या नावासमोर कधीही नाही. त्याला पाच-सहा वर्षं लागतील, कारण आज तिसरीत असलेलं मूल वयात यायला तेवढी लागतातच. एका कामाला मात्र कोणत्याही मॉडेलसाठी थांबायचं कारण नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि १८ वर्षांखालच्या कोणालाही ती विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे, पुडी बापासाठी असली तरी. मुलाला तंबाखू देणाऱ्याला २०१५च्या बालन्याय कायद्याच्या ७७व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामसभेने हे दोन कायदे येत्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावेत आणि बैठक संपल्यावर शाळेच्या कुंपणापासून ९१ मीटरचा दोर लावून पाहावा.